सूचकाची सही

१० जानेवारी

बाई,

"तू गप्प बसायला शिकलीस तर चांगली शिक्षिका होशील." बावीस वर्षांपूर्वी, तुमच्या वर्गातल्या माझ्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला हे म्हणाला होतात. मी चोवीस वर्षांची, विशेष शिक्षणाच्या पदविकेत पहिली आलेली, पर्समध्ये रंगीत खडूंची नवी पेटी. घरी जाऊन रडले होते. आईने विचारलं, काय झालं, तर म्हटलं, तिथल्या बाई फार खडूस आहेत.

वर नुसतं 'बाई' लिहिलंय. त्याच्याआधी काहीतरी आदराचं हवं होतं, पण बारा वर्षं आपल्याशी न बोललेल्या माणसाला काय मायना लिहितात हे मला कुणी शिकवलं नाही. फोन तुम्ही उचलणार नाही, म्हणून पत्र.

कारण सांगते. मार्चमध्ये आपल्या संघटनेची निवडणूक आहे आणि मी अध्यक्षपदाला उभी राहतेय. हसू नका. चारशे बारा सभासद, त्यातल्या तीनशेहून जास्त जणी रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिका, आणि अध्यक्ष मात्र आजवर कधी डॉक्टर, कधी संस्थाचालक, एकदा तर कुठल्याशा खात्यातले निवृत्त अधिकारी. अहवाल आपण लिहायचे, खुर्च्या आपण मांडायच्या आणि फोटोत दुसऱ्या रांगेत टाचा उंच करून उभं राहायचं. हे शेवटचं तुमचंच. तुम्ही हे बोललात आणि उभ्याही राहिलात, तुमच्याआधी कुणी नाही, तुमच्यानंतर कुणी नाही. अकरा मतांनी गेलं. त्या दिवशी सभागृहात जे झालं ते झालं. मी तुमच्या मदतीलाच उठले होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता पुन्हा एक शिक्षिका उभी राहतेय आणि तिच्या फॉर्मवर सूचक म्हणून तुमची सही असावी असं तिला वाटतं. नियमाप्रमाणे सूचक आजीव सभासद लागतो. समितीचा तुम्ही राजीनामा दिलात, गाव सोडून भावाकडे राहायला गेलात, पण सभासदत्व सोडलं नाहीत. मी यादी पाहिली. फॉर्म सोबत जोडलाय, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलीय. शेवटची तारीख ५ फेब्रुवारी.

शाळा आहे तशीच आहे. नळाच्या भिंतीवर तुम्ही हात धुण्याची चौदा चित्रं लावली होतीत, बाही वर करण्यापासून हात पुसेपर्यंत. तिसरं आणि नववं दोनदा बदललं, बाकीची अजून तुमचीच आहेत. नव्या शिक्षिका विचारतात, हात धुवायला चौदा पायऱ्या कशाला? मी त्यांना सांगते, आधी स्वतः धुऊन बघा आणि मोजा. त्या मोजतात आणि सोळा निघतात.

उत्तराची वाट पाहते.

तुमची विद्यार्थिनी


२८ जानेवारी

बाई,

अठरा दिवस झाले. पोस्टाला नावं ठेवून झाली. नवरा म्हणाला, "पत्र पोचलंय ग. पोचलेल्या पत्राचंच उत्तर येत नसतं." त्याला कधीकधी असं सुचतं.

काल आमच्या पुढच्या खोलीत आमच्या पॅनेलची बैठक झाली. पॅनेल म्हणजे आम्ही पाच जणी. व्यायामोपचार करणाऱ्या ताई तुम्हाला आठवत असतील, आवाज असा की चालता न येणारं मूलही दचकून दोन पावलं टाकेल. त्या सगळी मतं बोटांवर मोजतात. दहा शाळा, दहा बोटं. माझी मुलगी चहा घेऊन आली आणि ऐकत दारात उभी राहिली. ती आता सोळा वर्षांची आहे. "आई, तुम्ही निवडणूक लढवताय की बेरजा करताय?" म्हणाली. ताईंनी तिला हाकललं.

बैठक संपत आली तेव्हा वकीलीण आली.

तिला हे नाव तुम्हीच दिलंत. अकरा वर्षांची होती. तुम्ही चित्र दाखवून म्हणायचात, हा लाल चेंडू. ती अर्धं मिनिट तोंडाशी झगडायची आणि म्हणायची, ना... रिंगी. आणि बघावं तर चेंडू खरंच नारिंगी असायचा. जीभ आणि पाय जन्मापासून तिचं उशिरा ऐकतात, पण काय म्हणायचं ते तिचं आधीच ठरलेलं असतं. आता तेहेतीस वर्षांची आहे. गेली नऊ वर्षं आपल्याच शाळेत सगळ्यात लहान गटाची शिक्षिका. पदविकेची तोंडी परीक्षा तिने तीनदा दिली, कारण पहिल्या दोन वेळांना परीक्षकांची जेवणाची वेळ झाली होती. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहितेय. तुम्ही गेल्यानंतरचं आहे, तुम्हाला कुठून कळणार.

तर ती वॉकर टेकत आत आली, खुर्चीवर बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "ताई, मला... सहचिटणीस... व्हायचंय. तुमच्या... पॅनेलमधून."

व्यायामवाल्या ताईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. सहचिटणिसाला बैठकीत इतिवृत्त वाचून दाखवावं लागतं, फोन करावे लागतात, भांडावं लागतं. त्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या शाळेतली एक तरुण शिक्षिका ठरवली होती. हुशार आहे, भराभर बोलते.

मी वकिलिणीला म्हटलं, "अगं, पुढच्या वेळी नक्की. या वेळी पॅनेल ठरलंय."

तिने बराच वेळ घेतला. मग विचारलं, "पुढच्या वेळी... म्हणजे... कधी?"

"तीन वर्षांनी."

"बरं," म्हणाली आणि चहा संपवून गेली. मुलगी तिला खालपर्यंत सोडून आली आणि त्यानंतर माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं, असं लिहिणार होते. नको. फॉर्म लवकर पाठवा एवढंच.


९ फेब्रुवारी

बाई,

तुमची सही पाहिली.

माझ्या फॉर्मवर नाही. माझ्या फॉर्मवर शेवटच्या दिवशी दुपारी धावत जाऊन एका निवृत्त मुख्याध्यापिकांची घेतली. त्या म्हणाल्या, "आधी कुणाकडे गेली होतीस?" मी म्हटलं, कुणाकडेच नाही.

आज संघटनेच्या कार्यालयात अर्जांची यादी लागली. फलकाखालच्या टेबलावर सगळे फॉर्म तपासायला ठेवले होते. सहचिटणीसपदासाठी दोन. एक आमच्या पॅनेलचा. दुसरा स्वतंत्र, वकिलिणीचा, तिच्या त्या मोठ्या, ओळीबाहेर जाणाऱ्या अक्षरात भरलेला. आणि सूचकाच्या रकान्यात तुम्ही. शेवटच्या अक्षराचं शेपूट मागे वळून पहिल्याला शिवतं, ती सही. शेकडो प्रगतिपत्रकांवर पाहिलीय मी ती.

दोन वेगळी पदं, बाई. नियमाने दोन्ही फॉर्मांवर सही करता आली असती तुम्हाला. माझा फॉर्म तुमच्या घरात पडलेला आहे, पेन्सिलीच्या फुलीसकट. तुम्हाला फक्त पेन उचलायचं होतं.

मी तिथून तडक शाळेत गेले. मधली सुट्टी होती. वकीलीण लहान गटाच्या खोलीत चित्रांच्या कार्डांवर प्लास्टिक चढवत बसली होती. 'पाणी', 'पुरे', 'नको', 'अजून'. तिची मुलं बोलत नाहीत, त्या कार्डांवर बोट ठेवतात.

"तू माझ्या पॅनेलविरुद्ध उभी राहिलीस."

तिने कार्ड मशीनमधून पूर्ण बाहेर येऊ दिलं. मग म्हणाली, "पॅनेल... मध्ये... घेतलं नाहीत."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं... होतं. तुमच्या... घरी येऊन."

मी विचारलं, बाईंची सही कशी मिळाली? तेव्हा कळलं, की तुम्ही दर रविवारी सकाळी तिला फोन करता. बारा वर्षं! ती एक वाक्य बोलते तोवर तुम्ही रिसीव्हर कानाला लावून बसता, मधे हं सुद्धा म्हणत नाही. तिन्ही तोंडी परीक्षांची तयारी तुम्हीच करून घेतलीत. आणि मी तुम्हाला बातमी म्हणून ते कळवत होते.

"माझी पत्रं पोचली का त्यांना?" मी विचारलं. मला लाज वाटत होती, पण विचारलं.

"पोचली. म्हणाल्या... हिला अजून... पूर्णविराम... सापडत नाही."

आणि ती हसली. तिचं हसू तुम्हाला माहीत आहे, सगळं अंग हसतं. मलाही हसू आलं असतं, पण मी रागावून आले होते.

मी अजून रागावलेलीच आहे. तुमचं माझ्याशी जे काही आहे ते माझ्याशी ठेवायचं. तिला मधे घालायचं कारण नव्हतं.

एवढंच.


२३ फेब्रुवारी

बाई,

मागचं पत्र परत मागता येत नाही. शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत. तिला मधे तुम्ही घातलं नाही.

परवा जेवताना मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत होती. "मग सर म्हणाले की तुझा निबंध..." ती घास गिळायला थांबली आणि मी म्हटलं, "वाचून दाखव." तिने ताट बाजूला सरकवलं. "आई, सर म्हणाले, परत लिहून आण. तू माझं एकही वाक्य मला संपवू देत नाहीस." नवरा ताटात बघत म्हणाला, "माझीही नाही." दोघं हसले. मी उठून भांडी घासायला घेतली, म्हणजे पाठ करून उभं राहता येतं.

बारा वर्षं मी जे सगळ्यांना सांगितलं ते असं: बाई व्यासपीठावर होत्या. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "इतक्या वर्षांत तुमचं एक तरी मूल स्वतःच्या पायावर उभं राहिलं का हो?" लोक फिस्कन हसले. बाईंना काही सुचेना. दहा सेकंद, वीस सेकंद. मला बघवेना. मी उठले, माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं, किती मुलं कामाला लागली, किती छपाईत, किती शिवणकामात. टाळ्या पडल्या. तरी बाई हरल्या, कारण लोक म्हणाले, उत्तर तर शिष्येलाच सुचतं.

यात एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही.

तुम्ही गप्प नव्हतात. तुम्ही चौथ्या रांगेकडे बघत होतात. तिथे वकीलीण बसली होती, एकवीस वर्षांची, पुस्तकबांधणीच्या कामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. प्रश्न संपला तसे तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवले होते आणि ती उठत होती. उत्तर ती देणार होती. तुम्ही तिची वाट बघत होतात.

मी पाहिलं होतं, बाई. तिचे हात पाहिले, ती अर्धी उठलेली पाहिली. आणि मला वाटलं, तीनशे माणसं एवढी थांबणार नाहीत, हिचं हसं होईल, तुमचंही होईल. मी उठले. तिच्याऐवजी मी टाळ्या मिळवल्या आणि ती परत खाली बसली.

आपल्या कामात याहून मोठी चूक नाही. वर्गात नव्या शिक्षिकेने एवढं केलं तर मी तिला आठवडाभर नुसतं कोपऱ्यात बसून बघायला लावते. मुलाला प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, मनात वीस आकडे मोजायचे, शब्द ओठावर दिसला तरी आपण द्यायचा नाही. वर्गात मला हे चांगलं जमतं. माणसांची गर्दी बघितली की जमत नाही.

आणि या वेळी तिने मला माझ्याच घरात येऊन विचारलं, तेव्हा मी पुन्हा तेच केलं. पुढच्या वेळी नक्की.

म्हणून तुम्ही माझ्या फॉर्मवर सही केली नाहीत. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, हे मीच म्हणतेय. बघा, इथेसुद्धा तुमचं वाक्य मीच पुरं करतेय.

सही नसली तरी चालेल आता.


११ मार्च

बाई,

काल उमेदवारांची सभा झाली. रविवारी तुम्हाला तिच्या तोंडून कळेलच, पण ती स्वतःचं कौतुक करणार नाही आणि तिच्याजवळ तेवढी मिनिटंही नसतात, म्हणून मी लिहिते.

सभागृह तेच. खुर्च्यांना नवे अभ्रे, पंखा तोच कुरकुरणारा. व्यासपीठाला तीन पायऱ्या आणि बाजूला उतार नाही. अपंग मुलांच्या शिक्षकांची संघटना, आणि उतार नाही! इतकी वर्षं आम्ही तिथे सतरंज्या घातल्या, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. वकीलीण पायऱ्यांशी आली, थांबली, आणि चौघी जणी तिला उचलायला धावल्या. तिने मान हलवली. एक माईक खाली आणावा लागला. वायर पुरेना, तेव्हा अख्खं टेबल पुढे ओढलं. ती व्यासपीठाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

प्रत्येकाला तीन मिनिटं. निवडणूक अधिकारी म्हणून एक वयस्कर गृहस्थ पितळी घंटी घेऊन बसले होते. ते तिला मायेने म्हणाले, "तुम्ही सहा घ्या."

"ती...न," ती म्हणाली.

मी वर व्यासपीठावर, माझ्या शेजारी अध्यक्षपदाचे दुसरे उमेदवार, आपले डॉक्टरसाहेब. दोनदा अध्यक्ष झालेत. माणूस वाईट नाही, मुलांना फुकट तपासतात, पण त्यांना सगळ्याची घाई.

"मी... नऊ वर्षं... शिकवते." यालाच पाऊण मिनिट गेलं. मागच्या रांगांत खुर्च्या वाजायला लागल्या. मी पेनचं टोपण दातात धरलं होतं.

"माझ्या वर्गात... सात मुलं. सातही..."

आणि ती अडली. मान वाकडी झाली, खांदे ताठ झाले. मी आकडे मोजत होते. वीस झाले, तीस झाले. बाई, शब्द माझ्या जिभेवर तयार होता. सातही बोलायला शिकली. हेच ती म्हणणार, दुसरं काय म्हणणार? शेजारी डॉक्टरसाहेबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते पुढ्यातल्या माईककडे वाकले आणि अर्धे उठले. "सातही बोलायला..."

मी त्यांच्या कोटाची बाही धरली आणि खाली ओढली. "साहेब, बसा."

माईक चालू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं. डॉक्टरसाहेब बसले, कोटाची शिवण उसवल्याचा आवाजही ऐकला असेल लोकांनी.

आणि ती म्हणाली, "सातही... वाट बघायला... शिकली."

मला चुकीचं माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच चुकीचं माहीत होतं.

अधिकाऱ्यांनी घंटीवर हात ठेवला. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लोकांवरून सावकाश नजर फिरवली, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, आणि म्हणाली, "तुम्हाला... शिकवायला... तीन वर्षं... द्या."

समितीची मुदत तीन वर्षं. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागे कुणीतरी खो खो हसलं आणि मग सगळं सभागृह. घंटी वाजली ती त्या हशात कुणाला ऐकूही आली नाही. डॉक्टरसाहेब हसत होते, उसवलेला हात वर करून टाळ्या वाजवत होते. आमच्या पॅनेलची ती भराभर बोलणारी मुलगी, तिची प्रतिस्पर्धी, उभी राहून टाळ्या वाजवत होती. बाई, तेवीस वाक्यांचं भाषण होतं त्या मुलीचं, छापील, आणि तिने त्यातली सहा बोलून आभार मानले.

शेवटी माझी पाळी आली. माझंही भाषण छापील होतं. शिक्षिकांनी नेतृत्व का करावं, मुद्दे एक ते सात. मी उभी राहिले आणि कागद घडी करून ठेवला. मी सांगितलं, की बारा वर्षांपूर्वी याच जागी मी माईक घेतला आणि जिचं उत्तर होतं तिला खाली बसवलं, आणि मी तिला उठताना पाहिलं होतं. की तेव्हा बाई निरुत्तर नव्हत्या. की पुन्हा या जानेवारीत मी त्याच मुलीला पुढच्या वेळी ये म्हणून सांगितलं. माझी तीन मिनिटं भरायला अजून अवकाश होता, पण पुढे काही नव्हतं, म्हणून बसले.

टाळ्या नाहीत. बाहेर आल्यावर व्यायामवाल्या ताईंनी मला जिन्यात गाठलं. "कबुलीजबाब द्यायला कुणी निवडणूक लढवतं का ग? देवळात द्यायचास! आठ शाळा जमवल्या होत्या मी!" आठ बोटं माझ्या तोंडासमोर.

मी खरंच खरं सांगायला बोलले, की तिच्यानंतर माझंही भाषण गाजावं म्हणून, ते मला अजून कळत नाही. थोडं दोन्ही असेल. तुम्ही असतात तर चेहऱ्यावरून ओळखलं असतंत.

वकीलीण टेबलाशी वॉकरला टेकून उभी होती. भोवती गर्दी. मी गेले. तिनेच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई... कोट... फाटला."


१९ मार्च

बाई,

निकाल लागला. तीनशे तेवीस मतं पडली. डॉक्टरसाहेब एकशे एकाहत्तर, मी एकशे बावन्न. तुम्ही अकराने हरला होतात, मी एकोणीसने. तुमच्या पायरीवर मी अजून आलेली नाही.

वकिलिणीला दोनशे चार. सगळ्या पदांत सगळ्यात जास्त. वर्गात शिकवणारी एक शिक्षिका संघटनेच्या टेबलाशी बसली आहे, आणि ती मी नाही, याचं मला अपेक्षेपेक्षा कमी वाईट वाटतंय. पहिल्या दिवशी वाटलं होतं. त्या दिवशी मी मुलीची शाळेची सगळी दप्तरं धुऊन काढली, जुनीसुद्धा. मुलगी म्हणाली, "अजून दोन निवडणुका हरलीस तर घर आरसा होईल."

डॉक्टरसाहेब हार घालून घ्यायच्या आधी माझ्याकडे आले. "बाई, पुढच्या वेळी उभ्या राहा," म्हणाले, "मी कोट घालून येत नाही." मी म्हटलं, शिवून देते. ते म्हणाले, बायकोने शिवला, आणि तिचं मत तुम्हाला आहे.

आणि नव्या सहचिटणीसबाईंनी काय केलं माहीत आहे? अजून कारभार हातात यायचाय, तर कार्यालयात जाऊन जुनी इतिवृत्तं मागितली. बारा वर्षांपूर्वीचं काढलं. त्यात लिहिलंय, 'उमेदवाराच्या वतीने समाधानकारक उत्तर देण्यात आले.' तिने ते मला दाखवलं. मी वाचलं. तिने वही मिटली आणि परत कपाटात ठेवली. मला वाटलं, आता विचारावं, तू तेव्हा काय म्हणणार होतीस? विचारलंही. ती म्हणाली, "एकवीस... वर्षांची होते. आता... बरं बोलते."

बारा वर्षं मी समजत होते की तिला तुम्ही घडवलंत. पण परवा तिच्या वर्गाच्या दारात उभी राहून पाहिलं. एक मुलगी 'अजून'च्या कार्डाकडे हात नेत होती आणि नेत होती, आणि वकीलीण नुसती बसली होती, खिडकीबाहेर बघत, जणू तिला दुसरं कामच नाही. असं मला जमत नाही. मला वाटतं, तुम्हालाही इतकं जमत नव्हतं. तुमच्या पायाचा अंगठा हलायचा. मी पाहिलाय.

समितीची पहिली बैठक २० एप्रिलला आहे. समितीत एक जागा निवडणुकीशिवाय भरतात आणि तिची सूचना सहचिटणीस करते, हा नियम तुम्हाला पाठ असेल. येत्या रविवारी ती तुम्हाला काहीतरी विचारणार आहे. काय ते मला ठाऊक आहे. लिहीत नाही. तिचं तिला विचारू द्या, आणि तुमचं उत्तर तिलाच द्या.

माझं मागणं वेगळं आहे.

तुम्ही आलात तर तिच्याकडे उतराल. तिने आत्ताच गाद्यांना ऊन दाखवलंय, नको म्हटलं तरी वॉकरवर उशी ठेवून अंगणात नेली. मी कुठल्या तोंडाने मधे पडू? तुम्ही तिचंच घर निवडाल आणि ते बरोबर आहे, मी तुमच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्ही नाहीच म्हणणार. तरी विचारते.

एक दिवस आमच्याकडे राहा. आमची पुढची खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका. नवरा कमी बोलतो आणि मुलगी तुम्हाला पुरून उरेल. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी गाडीवर घ्यायला येईन, बैठकीनंतर तिच्याकडे सोडीन. याल का?

तुमची